आधी पाणी कुठून येतं ते शोधा

मुलुंड पूर्वेहून एका ५८ वर्षांच्या वाचक ताईंचं पत्र आलंय. १९९१ साली बांधलेल्या, चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत त्या आणि त्यांचे यजमान दुसऱ्या मजल्यावर राहतात. गेले चौदा महिने बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतंय. प्लास्टरचे पोपडे पडले, एका कोपऱ्यात सळई दिसू लागलीय. वरच्या घरात सत्तरीतलं जोडपं. ‘पूर्वी काका-काकू म्हणायचे, आता जिन्यात दिसले तरी मान फिरवते,’ असं त्या लिहितात. काकांचं उत्तर ठरलेलं: ‘आमचं बाथरूम कोरडं आहे, आणि रिडेव्हलपमेंट येतंच आहे, आता कशाला फोडाफोडी?’ सोसायटीला अकरा पत्रं दिली, तर सेक्रेटरी म्हणतात, ‘तुमच्या दोघांतलं आहे, आपसात मिटवा.’ उलट काकांनी तक्रार केली की ताईंचं चपलांचं कपाट आणि कुंड्या पॅसेजमध्ये आहेत, त्यावर मात्र आठ दिवसांत नोटीस हजर. काकांची आणि सेक्रेटरींची जुनी मैत्री आहे. आता घरात ठरत आलंय की मेंटेनन्स भरणं बंद करावं, म्हणजे सोसायटी ताळ्यावर येईल. ‘करू का तसं? की सरळ वकील गाठू?’

ताई,

मेंटेनन्स थांबवू नका. उत्तर लांबणार आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. राग समजतो. चौदा महिने डोक्यावर थेंब पडत असताना महिन्याचं बिल निमूटपणे भरायचं म्हणजे अपमान वाटतो. पण त्या पैशातून पंप चालतो, जिन्यातला दिवा लागतो, वॉचमनचा पगार होतो. ते थांबवल्याने काकांचं काही अडत नाही, सेक्रेटरींचंही नाही. तुमच्या नावापुढे मात्र ‘थकबाकीदार’ लागतं, व्याज चढतं, आणि सहकार कायद्याच्या कलम १५४ ब-२९ खाली सोसायटी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला आणू शकते. थकबाकीदाराला कमिटीच्या निवडणुकीलाही उभं राहता येत नाही. आज या प्रकरणात तुमची बाजू स्वच्छ आहे. ती स्वतःच्या हाताने मळवू नका. फारच खटकत असेल तर पैसे भरताना सोबत पत्र द्या, ‘गळतीच्या तक्रारीबाबतचे माझे सर्व हक्क राखून ही रक्कम भरत आहे.’ तेवढ्याने काम होतं.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही अकराही पत्रांच्या प्रती पाठवल्यात, त्या मी सगळ्या वाचल्या. पहिल्या दोन पत्रांत गळती आहे. तिसऱ्यात काका दार आपटतात हे आलं. पाचव्यात सेक्रेटरींचा पक्षपात. आठव्यात वर्षाच्या वर्गणीवरून झालेला जुना वाद. अकराव्या पत्रापर्यंत पोचताना छतावरचं पाणी जवळजवळ दिसेनासं झालंय. आणि पाणी नेमकं कुठून येतं, हा प्रश्न अकरापैकी एकाही पत्रात नाही. तुम्ही धरून चाललात की ते काकांच्या बाथरूममधून येतं. काका धरून चालले की येत नाही. दोघांपैकी कोणीही बघितलेलं नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते त्याला कारण आहे. बोरिवलीला आमच्या सोसायटीत मी सहा वर्षं सेक्रेटरी होते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन घरांचं गळतीवरून बोलणं बंद झालं, तीन वर्षं हळदीकुंकवालाही एकमेकींकडे जाणं नाही. मीही त्यांना ‘आपसात मिटवा’ म्हणूनच परत पाठवत होते. शेवटी एका वयस्कर प्लंबरने डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेत, उतरून बॅटरी मारली. सांडपाण्याच्या उभ्या पाइपाचा सांधा मागच्या बाजूने उकललेला होता, आणि पाणी भिंतीतून आडवं जाऊन खालच्या छतात उतरत होतं. तो पाइप सोसायटीचा. दुरुस्ती कमिटीने करायची होती, आणि कमिटी म्हणजे मी. त्या दोन बायकांची तीन वर्षं मला परत देता आली नाहीत. म्हणून तुमच्या सेक्रेटरींचं वाक्य वाचून मला नुसता राग नाही आला, भीती वाटली.

तर उद्यापासून एक करा. बाथरूमच्या दाराला कागद लावा, दोरीने पेन बांधा. तारीख, वेळ, आणि एका मिनिटात किती थेंब. सकाळी टाकीचं पाणी सोडतात तेव्हा, दुपारी, रात्री झोपताना. वरच्यांच्या आंघोळी झाल्याचा आवाज येतोच, त्यानंतर अर्ध्या तासाने पुन्हा. ते कुठे गावाला गेले तर त्या दिवसांची नोंद जास्तच महत्त्वाची. असं निदान दोन आठवडे. कमी दिवसांत फसगत होते, कारण आपल्याकडच्या जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो कोबा स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. वरचा नळ बंद केला तरी खाली चार-चार दिवस ठिबकत राहतं.

कागद भरत गेला की तो बोलायला लागतो. अष्टौप्रहर सारखंच ठिबकत असेल, किंवा पाणी सोडण्याच्या वेळेत वाढत असेल, तर संशय नळाच्या, म्हणजे दाबाच्या लाइनवर. आंघोळीनंतर वाढत असेल तर लादीचे सांधे, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जिथून खाली जातं ते तोंड) किंवा त्याचा जोड. फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्येही ठिबकत होतं असं चौथ्या पत्रात ओझरतं आलंय, म्हणजे नुसता पाऊस कारण नाही. इतकं तरी आत्ताच कळतं.

पुढची पायरी रंगाच्या पाण्याची. चांगला प्लंबर वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप बंद करतो, जमिनीवर दोन बोटं रंगीत पाणी भरतो आणि एक दिवस तसंच ठेवतो. खाली रंग उतरला तर वाट लादीतून आहे. नाही उतरला तर ट्रॅप उघडून तेच पाणी सोडायचं आणि बघायचं. तरीही काही नाही तर टेरेसवरच्या टाकीवरून त्या घराला येणाऱ्या लाइनचा कॉक एक रात्र बंद ठेवून थेंब कमी होतात का ते मोजायचं. आणि डक्ट बघायचाच, तो कोणी बघत नाही. हे सगळं करताना कमिटीचा एक माणूस हजर असावा आणि मोबाइलवर फोटो काढावेत, म्हणजे नंतर ‘असं झालंच नव्हतं’ हा वाद उरत नाही.

एक मात्र थांबण्यासारखं नाही. दिसणारी सळई. तिच्यावर परस्पर प्लास्टर किंवा रंग मारून घेऊ नका, आतला गंज झाकला जातो आणि वाढत राहतो. स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा. आणि गिझरच्या किंवा दिव्याच्या पॉइंटजवळ ओल असेल तर त्याचा स्विच आजच बंद करून वायरमनला बोलवा. दोन दिवस चुलीवर पाणी तापवावं लागलं तरी चालेल.

आता काका. रंगाची चाचणी त्यांच्या बाथरूममध्ये करायची, म्हणजे त्यांचं दार उघडलं पाहिजे.

‘आमचं बाथरूम कोरडं आहे’ हे त्यांचं वाक्य तुम्ही खोटेपणाचा पुरावा म्हणून लिहिलंय. मला ते खरं वाटतं. त्यांचं बाथरूम वरून कोरडंच असणार. पाणी लादीच्या खाली जातं, त्यांना ते दिसायचा प्रश्नच नाही. दिसतं ते तुम्हाला. तुमच्या छताचा फोटो त्यांनी कधी पाहिलाय का? पत्रात तसा उल्लेख नाही. सेक्रेटरींना पाठवलेत, त्यांना नाही.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं. ‘मार्चमध्ये काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी डबासुद्धा नेला नाही, इतकं मन विटलं.’ हे तुम्ही रागाने लिहिलंय, पण त्यात तुम्हाला स्वतःचंच वाईट वाटलेलं दिसतं. पंचवीस वर्षांचा शेजार आहे. त्यांचं घर तुमच्यासारखंच, वन बीएचके, एकच बाथरूम. लादी काढायची, कोबा उपसायचा, वॉटरप्रूफिंग करायचं, पाणी भरून बघायचं, मग नवी लादी. आठ-दहा दिवस सहज जातात. गुडघा बदललेल्या बाईने, लिफ्ट नसलेल्या इमारतीत, ते दहा दिवस जायचं कुठे? ‘रिडेव्हलपमेंट येतंय’ हे काकांचं सांगायचं कारण असेल. न सांगितलेलं कारण मला हे दिसतं. कदाचित पैशाचंही असेल, पेन्शनीत मोठा खर्च निघाला की माणूस आधी ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. मी चुकत असेन, पण विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

म्हणून काकांशी बोलताना ‘बाथरूम फोडा’ ही मागणी पहिल्या भेटीत काढूच नका. फोटो दाखवा, दोन आठवड्यांचा कागद दाखवा, आणि म्हणा, ‘काका, तुमच्याकडून येतंय की सोसायटीच्या पाइपातून, हे मला माहीत नाही. एक दिवस पाणी भरून बघू या. प्लंबरचे पैसे मी देते.’ हो, चाचणीचे पैसे तुम्ही द्या. तुम्हाला ते अन्यायाचं वाटेल. पण त्या रकमेत तुम्ही त्यांच्या घरात शिरायची परवानगी विकत घेताय, जी तुम्हाला अकरा पत्रांनी मिळाली नाही. दोष त्यांच्या घरात निघालाच तर कामाची वेळ त्यांच्या सोयीने ठरवा. मुलाकडे जायचे असतील ते दिवस, नाहीतर त्यांच्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं बाथरूम सकाळपुरतं मिळेल का हे कमिटीने विचारायचं. फक्त लादीच्या सांध्यांतून पाणी जात असेल तर सांधे खरवडून त्यांत एपॉक्सी ग्राउट (पाणी न झिरपू देणारं भरण) भरून आधी बघता येतं, त्यात फोडाफोड नाही. पाइप फुटला असेल तर मात्र ग्राउटने काही होणार नाही, तेव्हा त्या आशेवर महिने घालवू नका.

रिडेव्हलपमेंटचं काकांना आणि कमिटीलाही शांतपणे विचारा: नेमकं कुठवर आलंय? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सभासद हजर लागतात आणि एकूण सभासदांपैकी निदान ५१ टक्क्यांची संमती लागते. त्यानंतर निविदा, विकासक, करार, पालिकेच्या मंजुऱ्या, आणि मग घरं रिकामी करणं. तुमच्याकडे अजून पहिला ठरावही झालेला नाही असं पत्रावरून दिसतं. मुंबईत या एका शब्दावर किती घरांच्या दुरुस्त्या वर्षानुवर्षं अडून राहिल्यात, हे मी पाहत आलेय. नव्या इमारतीची वाट बघताना जुन्या इमारतीचा स्लॅब वाट बघत नाही.

आता तुमचं कपाट. ताई, ते काढा. कुंड्याही. आठ दिवसांत नोटीस येणं आणि तुमच्या गळतीवर चौदा महिने काही न होणं हा उघड दुजाभाव आहे, त्यात मला शंका नाही. पण नोटीस कोणाच्या मैत्रीतून आली तरी तिच्यातलं म्हणणं बरोबर आहे. पॅसेज आणि जिना सगळ्यांचा, आणि आग लागली, धूर भरला, तर चार मजल्यांची माणसं त्याच वाटेने उतरणार, त्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकूही. कपाट आत घ्या, आणि कमिटीला दोन ओळींचं पत्र द्या की अमुक तारखेला पॅसेज मोकळा केला. त्याच पत्रात पुढे लिहा की माझ्या गळतीच्या तक्रारीवर अजून लेखी उत्तर मिळालेलं नाही. मग तो दुजाभाव आपोआप कागदावर येतो, तुम्हाला तो शब्द वापरावाही लागत नाही.

सेक्रेटरींचं ‘आपसात मिटवा’ उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या लेखी नियमांत, बसत नाही. आपल्या राज्यातल्या बहुतेक सोसायट्या आदर्श उपविधी स्वीकारतात, तुमच्या सोसायटीची प्रत मागून घ्या. त्यांत दुरुस्तीची वाटणी स्पष्ट आहे. बाहेरचे सामाईक पाइप, ड्रेनेजच्या लाइनी, गच्ची, इमारतीचा ढाचा हे सोसायटीने सोसायटीच्या खर्चाने करायचं. संडास, सिंक वगैरेंतून होणारी घरातली गळती त्या त्या घरमालकाने स्वखर्चाने, पण सोसायटीच्या सल्ल्याने. म्हणजे दोष काकांच्या घरात असला तरी सोसायटी त्यात आहेच. आधी सूचना देऊन घराची पाहणी करायचा अधिकारही कमिटीला आहे. शिवाय तुमची इमारत तिशी ओलांडलेली. आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं आणि अहवालात काय आहे, हे सभासद म्हणून तुम्हाला विचारता येतं. कित्येकदा आपल्या बाथरूमची ओल त्या अहवालात आधीच नोंदलेली असते आणि अहवाल ऑफिसच्या कपाटात पडलेला असतो.

तेव्हा बारावं पत्र लिहा, पण आधीच्या अकरांपेक्षा वेगळं. एक पान. दार, मैत्री, वर्गणी काही नाही. गळती केव्हापासून, नोंदींचा तक्ता, चार फोटो, सळई दिसतेय हे ठळक. मागण्या तीनच: संयुक्त पाहणी, रंगाची चाचणी, ऑडिट अहवालाची प्रत. ऑफिसात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, सही, तारीख, शिक्का. घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. अशा तक्रारीवर कमिटीने पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन १५ दिवसांत सभासदाला कळवायचा असतो.

तरीही हालचाल नाही झाली तर? इथे बरेच वाचक वाट चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. लोक आधी उपनिबंधकांच्या कार्यालयात खेपा घालतात. पण गळती आणि दुरुस्तीचा वाद उपविधींनी सहकार न्यायालयाकडे दिलाय, १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली. उपनिबंधकांकडे जायचं ते सोसायटी कागदपत्रांच्या प्रती देत नसेल तर, म्हणजे ऑडिट अहवाल अडवला तर. सेक्रेटरी पत्रच स्वीकारत नसतील तर जिल्हा गृहनिर्माण फेडरेशन. ढाचा धोकादायक वाटत असेल तर पालिकेचं वॉर्ड ऑफिस, तक्रार १९१६ वरही नोंदवता येते. पोलीस फक्त धमकी किंवा मारहाण झाली तर, थेंबांसाठी नाही. आणि एक दार आपल्याच इमारतीत आहे, वार्षिक सर्वसाधारण सभा. ती ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते. तोवर थांबायचं नसेल तर एक पंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सभा मागता येते. तुमची इमारत सोळा घरांची, म्हणजे चार सह्या. चौदा महिन्यांत तुम्ही इतर चौदा घरांपैकी किती जणांशी यावर बोललात? पत्रात फक्त काका आणि सेक्रेटरी आहेत. इतर बाथरूमांच्या छतांनाही ओल आहे का, हे विचारत एकदा मजले फिरा. त्याच उभ्या रांगेतल्या घरांत आधी जा, डक्ट त्या सगळ्यांचा एकच आहे.

वकिलांबद्दल. दार बंद करू नका, पण आज जाल तर ते पहिला प्रश्न हाच विचारतील की पाणी कुठून येतं याचा पुरावा काय. नोंदी, चाचणीचे फोटो, इंजिनियरचं पत्र आणि पोच घेतलेली बारावी तक्रार हातात असेल तर सहकार न्यायालयात तातडीचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा, आदेश मागायलाही आधार मिळतो. काकांनी चाचणीला चक्क नकार दिला, तर तोही लेखी येऊ द्या. तोही पुरावाच.

भाड्याने राहणाऱ्या वाचकांना एवढंच, की तुमच्या तक्रारीला सोसायटी ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणेल. घरमालकाच्या सहीने पत्र जाऊ द्या. आणि हे वाचणाऱ्या सेक्रेटरींना माझी हात जोडून विनंती आहे: बिनपगारी काम आहे, लोक रात्री दहाला बेल वाजवतात, सगळं मला ठाऊक आहे. तरी गळतीची तक्रार आली की पहिल्या आठवड्यात डक्ट बघून या.

ताई, येत्या रविवारी वर जाल तेव्हा तक्रारींची फाइल नेऊ नका. काकूंना बघायला जा, पाच महिने उशिरा का होईना, आणि काही गरम करून न्या. गळतीचा विषय त्या दिवशी निघाला तर निघाला, नाहीतर पुढच्या खेपेला. तोवर दारावरचा कागद भरत राहू द्या. चाचणी झाली की निकाल मला कळवा, विशेषतः पाणी डक्टमधून येत असल्याचं निघालं तर, कारण मग ते बारावं पत्र काका आणि तुम्ही दोघांच्या सहीने द्यायचं आहे, आणि त्याचा मसुदा मी करून देईन.